मज्जारज्जूतला फुगवटा

कोल्हापूरकरांना ‘फुगवटा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, जयंती नाल्याचे पाणी नदीत जाईना आणि ते उलटे वस्तीत शिरले. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या एका आजारात असेच घडते.

रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेला पुरुष. चालले की पाय जड पडतात, बसले की बरे वाटते. पुढे मुंग्या येतात, मग लघवी अडते. कमरेची नस दबली असेल म्हणून गोळ्या, पट्टा, कधी नको ते ऑपरेशनही होते, आणि महिने निघून जातात.

मूळ असते मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणात. तिथे एक बारीक धमनी केशवाहिन्यांना वगळून थेट शिरेला मिळते. धमनीचा दाब शिरेत उतरतो. या शिरांना झडपा नसल्याने तो दूरवर पसरतो. मज्जारज्जूतले रक्त बाहेर पडू शकत नाही आणि तो सुजतो.

पूर्वीच्या सर्जननी पाठ उघडली की त्यांना दिसत त्या फुगलेल्या, नागमोडी शिरा. विकृती हीच, असे समजून ते त्या लांबलचक सोलून काढत. (पूर आला म्हणून नालाच बुजवावा, तसे.) रक्त बाहेर जाण्याची वाट तीच असल्याने काही रुग्णांचे पाय आणखी गेले. शिरांमधल्या वाढलेल्या दाबाचा मुद्दा लंडनच्या अमिनॉफ, बर्नार्ड आणि व्हॅलेंटाइन लोग यांनी १९७४ मध्ये मांडला. दोष आवरणातल्या जोडात आहे, हे केंडॉल आणि लोग यांनी १९७७ मध्ये दाखवले.

तेव्हापासून शस्त्रक्रिया आटोपशीर झाली. अँजिओग्राफीने जोड नेमका हेरतात, मणक्याच्या मागच्या कमानीचा थोडा भाग काढतात आणि मायक्रोस्कोपखाली आवरणातून आत येणारी तेवढी एक शीर बंद करून तोडतात. बाकीच्या शिरांना हात लावत नाहीत. धमनीच्या रक्ताने लाल झालेल्या त्या शिरा हळूहळू निळसर आणि सैल होतात. मांडीतून नळी सरकवून जोडात गोंद भरण्याचाही उपाय आहे. त्यात पाठ उघडावी लागत नाही, पण जोड पुन्हा उघडण्याची शक्यता अधिक. शिवाय तीच धमनी मज्जारज्जूलाही रक्त पुरवत असेल, तर गोंद घालणे धोक्याचे. अशा वेळी शस्त्रक्रियाच बरी, असे मला वाटते. मज्जारज्जूच्या आतच वाहिन्यांचा गुंता असेल, तर मात्र प्रकरण वेगळे आणि कितीतरी अवघड.

वेळेत बंद केले तर चाल पुष्कळदा सुधारते. लघवीवरचा ताबा उशिरा येतो, कधी अर्धामुर्धाच. आणि खूण अनेकदा आधीच्याच फिल्मवर असते: कमरेच्या एमआरआयच्या अगदी वरच्या टोकाला, सुजलेल्या मज्जारज्जूमागे काळ्या ठिपक्यांची ओळ.