ही पिन नेमकी कुणाची?

रास्पबेरी पाय बी-प्लसच्या कडेला दोन ओळींत ४० पिना उभ्या असतात. त्यातली आठवी बघा. चिपच्या लेखी तिचा नंबर १४. तिला एलईडी जोडला तर ती दिवा लावते, सिरियल केबल जोडली तर अक्षरं पाठवते. पिन तीच, धातू तोच. मग काम बदलतं कुठे?

चिपच्या पोटात, अवघ्या तीन बिटांत! बीसीएम२८३५ या चिपला अशा ५४ पिना हाताळता येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला तीन बिट. ००० म्हणजे ऐक, ००१ म्हणजे बोल, १०० लिहिलं की आपली १४ नंबरची सिरियल पोर्टच्या ताब्यात. तीन बिटांच्या जुळण्या आठ, म्हणून एकेका पिनेला सोंगंही आठच.

पण त्या बिटांत काम लिहिलेलं असतं, मालकाचं नाव नसतं. ते लक्षात ठेवायचं लिनक्सच्या कर्नलने. त्याच्याकडे याच्या दोन वेगळ्या नोंदी. एक जीपीआयओची, म्हणजे साध्या चालू-बंद पिनांची. दुसरी पिनकंट्रोलची, कुठली पिन कुठल्या ड्रायव्हरने घेतली त्याची. ही जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासूनची. आणि कितीतरी वर्षं पहिलीला दुसरीचा पत्ताच नव्हता! सिरियल पोर्ट वापरत असलेल्या पिनेपुढेही पिनांची यादी दाखवणारी ‘जीपीआयओइन्फो’ ही आज्ञा खुशाल ‘अनयूज्ड’ लिहायची. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली सीट कंडक्टरने मोकळी म्हणून सांगावी, तसं.

त्यावरचा पॅच इवलासा: उत्तर देण्याआधी पिनकंट्रोलला विचारा, ही वापरता येईल का? तपासणीही सोपी वाटते. पॅच लावा, कर्नल बिल्ड करा, बोर्ड बूट करा, तीच आज्ञा पुन्हा चालवा. ‘अनयूज्ड’ गेलं का? गेलं, तरी एका बोर्डावर भागत नाही. काही पिन कंट्रोलर कडक असतात, एका पिनेवर दोन हक्कदार चालवून घेत नाहीत. काही सैल असतात. सैल कंट्रोलरवर पॅचनंतरही पिन मोकळीच दिसते, आणि ते उत्तर नियमाला धरूनच असतं!

खरी गंमत मात्र आज्ञेच्या उत्तरात दिसतच नाही. जीपीआयओची नोंद वाचताना कर्नल स्पिनलॉक नावाचं कुलूप लावायचा. ते हातात असताना झोपायला सक्त मनाई. पिनकंट्रोलच्या नोंदीवर पहारा म्युटेक्स या वेगळ्या कुलपाचा, आणि ते दुसऱ्याकडे असलं तर विचारणाऱ्याला झोपून वाट बघावी लागते. पॅच मात्र पिनकंट्रोलला विचारत होता तो नेमका स्पिनलॉक हातात असतानाच. म्हणजे साधी चौकशी, पण केलेली भलत्या वेळी. ही चूक खरोखर मुख्य कर्नलमध्ये शिरली होती.

इतक्या जाणत्या नजरांतून ती निसटली कशी? म्युटेक्स बहुतेक वेळा मोकळाच मिळतो. कुणी झोपत नाही, काही बिघडत नाही. अशा वेळी कर्नल बिल्ड करताना ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ हा पर्याय चालू ठेवायचा. मग प्रत्यक्ष कुणी झोपलेलं नसतानाही कर्नल लॉगमध्ये बोंब ठोकतो, की इथे झोप लागू शकली असती! न घडलेल्या अपघाताची तक्रार करणारं यंत्र, आहे की नाही कमाल?

दुरुस्ती तर आणखी साधी निघाली: पिनकंट्रोलला विचारणारी ती ओळ उचलून स्पिनलॉकच्या वर नेली.