करनाहचा अक्रोड नारायण पेठेत कसा येतो

पुण्याची आणि काश्मीरची ओळख जुनी आहे. ‘सरहद’ या संस्थेने तिकडची मुलं शिकायला इथे आणली. ‘बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन’ने कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी घरं उभी केली. त्यामुळे नारायण पेठेतल्या एखाद्या गणेश मंडळाला किंवा भिशीच्या गटाला ‘या दिवाळीत आपणही सीमेवरच्या बायकांचा माल विकू’ असं वाटलं, तर नवल नाही. इच्छा चांगलीच आहे. पण झाडापासून पेठेतल्या टेबलापर्यंत हा माल येतो कसा, आणि वाटेत कुठे अडतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

उदाहरणाला कुपवाडा जिल्ह्यातलं करनाह घेऊ. नियंत्रण रेषेला अगदी लागून असलेलं हे खोरं आहे. फेब्रुवारी 2021मध्ये शस्त्रसंधी पुन्हा लागू झाली आणि तोफा थांबल्या. लोकांनी घरं दुरुस्त केली, दुकानं उघडली. मे 2025मध्ये पुन्हा गोळे पडले आणि कित्येक घरांचं छप्पर गेलं. अशा ठिकाणी लोक लगेच नवा धंदा काढत नाहीत. आधीपासून हाताशी असलेल्या गोष्टीवर घर चालतं, आणि इथे ती गोष्ट म्हणजे अक्रोडाचं झाड.

पहिलं काम, व्यवहार कोणाशी करायचा ते ठरवणं. जम्मू-काश्मीरच्या ग्रामीण उपजीविका अभियानाचं नाव ‘उम्मीद’ आहे. आपल्याकडच्या अभियानाचं ‘उमेद’. दोन्हीकडे पाया बचत गटाचाच. त्यामुळे गटाचं बँक खातं, अध्यक्ष आणि सचिव, ठरावाची वही हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटेल. खातं गटाच्याच नावाचं आहे ना, हे आधी बघावं. बहुतेक वेळा घोटाळा इथेच होतो. ओळखीतला एखादा उत्साही मुलगा मध्यस्थ होतो, पैसे त्याच्या खात्यावर जातात, आणि बायकांपर्यंत किती पोचले ते कोणालाच सांगता येत नाही. मुलगा प्रामाणिक असला तरी हिशेब लागत नाही.

दुसरं, माल ओळखायला शिकणं. सप्टेंबरात उंच झाडावर चढून, काठीने झोडपून अक्रोड पाडतात. वरची हिरवी साल काढताना बायकांचे हात काळे होतात आणि तो डाग कितीतरी दिवस जात नाही. मग धुणं, छपरावर वाळवणं, फोडणं, गर वेगळा करणं. पातळ कवचाच्या अक्रोडाला तिकडे कागजी म्हणतात. तो बोटांनी दाबूनही फुटतो. जाड कवचाचा फोडताना गराचा चुरा होतो. फोडल्यावर मिळणारा गर वजनाच्या जेमतेम निम्मा असतो, पुष्कळदा त्याहूनही कमी.

गराची प्रतवारी रंगावर आणि आकारावर होते. फिकट रंगाचे अखंड अर्धे भाग सर्वांत महाग, गडद त्याखाली, तुकडे आणखी स्वस्त. आता नमुना मागवावा, आणि तो बघायची पद्धतही सांगतो. एक अर्धा भाग हातात घेऊन मोडा. टचकन तुटला तर नीट वाळला आहे. वाकून मग तुटला तर आत ओल आहे आणि बुरशीची भीती आहे. मग तुकडा चावून जरा थांबा. सालीचा तुरटपणा चालेल, पण घशाशी खवट चव आली तर माल जुना आहे. अक्रोडात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, म्हणून तो उन्हात आणि उघड्यावर लवकर खवट होतो. नमुन्याचं एक पाकीट बंद करून त्यावर तारीख घालून ठेवावं. पुढे आलेला माल वेगळा वाटला, तर भांडणापेक्षा ते पाकीट समोर ठेवणं सोपं जातं.

आता पैसे. माझ्या मते सगळी गाडी इथेच रुळावर येते किंवा घसरते. आपल्याला वाटतं, आपण व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव देतोय, मग अडचण काय? अडचण अशी की गावात येणारा व्यापारी रोख देतो, आणि पुष्कळदा झाडावर माल असतानाच देतो. करनाहला जाणारा रस्ता साधना खिंडीवरून जातो, आणि बर्फ पडलं की तो बंद होतो. हिवाळ्याचं धान्य, तेल, औषधं त्याआधी घरात भरावी लागतात. तेव्हा ‘दिवाळी झाली की पैसे पाठवतो’ हा आपला सभ्य निरोप तिथल्या बाईच्या काही कामाचा नसतो. निम्मी रक्कम मागणीबरोबर आणि उरलेली माल हातात पडल्यावर आठवड्यात, असं ठरवावं. तेवढी रक्कम गोळा होत नसेल, तर मागणीच कमी करावी. विकल्यावर पैसे, न विकलेला माल परत, ही रीत पुण्यातल्या पुण्यात ठीक आहे. करनाहला माल परत पाठवायचा खर्च कोण करणार?

मागणी फोनवर आणि कागदावर, दोन्हीकडे पक्की करावी. ऑगस्ट 2019मध्ये काश्मीरमधलं इंटरनेट बंद झालं आणि फोर-जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. ज्यांचा धंदा फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर होता, त्यांचा तो तिथेच थांबला. म्हणून गटातल्या दोघींचे नंबर घ्यावेत, आणि ‘संपर्क तुटला तर अमुक तारखेपर्यंत थांबायचं, नंतर माल दुसऱ्याला विकायला मोकळीक’ असं आधीच बोलून ठेवावं.

वाहतुकीचं गणित दिवाळीपासून उलटं मांडावं. 2025मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026मध्ये ते 8 नोव्हेंबरला. अक्रोड मात्र पंचांग बघून पिकत नाही. तो सप्टेंबरात उतरतो आणि वाळून, फोडून ऑक्टोबर लागतो. त्यात जम्मू-श्रीनगर महामार्ग पावसाने कधी खचेल, सांगता येत नाही. 2025च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तो असा बंद पडला की सफरचंदांचे ट्रक वाटेतच अडकले. तेव्हा बडगामहून दिल्लीला रेल्वेची पार्सल गाडी सुरू झाली. थोडा माल असेल तर टपाल खात्याचं पार्सल बरं. जास्त असेल तर जम्मूपर्यंत ट्रकने आणून पुढे रेल्वेने. जम्मूहून पुण्याला झेलम एक्सप्रेस येतेच. दिवाळी अगदीच हुकली तर डोक्याला हात लावू नका, पुढे थंडीतले डिंकाचे लाडू आहेत. खरं तर लाडवांना अखंड गर लागत नाही, तुकडेही चालतात, आणि तुकडेच गटाकडे पडून राहतात.

माल आला की वेष्टन. खोके जाडजूड हवेत आणि आतली पिशवी हवाबंद. टेम्पो भर दुपारी पत्र्या मारुतीच्या गल्लीत शिरेल, या भरवशावर राहू नये. सकाळी लवकर उतरवून घ्यावा. छपाईची मात्र पेठेत चैन आहे. थोडीशी लेबलंही आनंदाने छापून देणारी मुद्रणालयं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

लेबलावर पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, वेष्टनाची आणि वापरण्याची शेवटची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक हवा. इथे अनेकांची चूक होते. गटाकडे नोंदणी आहे, मग आपल्याला कशाला, असं वाटतं. पण आपण मोठं पोतं फोडून पुण्यात लहान पाकिटं भरली, की आपणही खाद्यव्यावसायिक ठरतो आणि आपली स्वतंत्र नोंदणी लागते. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असणारे लोक असतात, ती सूचनाही छापावी. झाडांना फवारणी नसली तरी प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ हा शब्द छापू नये.

आणि लेबलावर कोणाचं दुःख छापू नये. ‘विधवेच्या हातचे’, ‘गोळीबारग्रस्त’ असलं काही नको. सीमेवरच्या गावात नाव-फोटो बाहेर गेला तर त्या बाईला कोणते प्रश्न ऐकावे लागतील, हे आपल्याला इथे बसून कळत नाही. शिवाय कणवेपोटी घेतलेलं पाकीट गिऱ्हाईक एकदाच घेतं. गावाचं नाव, गटाचं नाव, हंगामाचं वर्ष एवढं पुरे.

किंमत ठरवताना नुसते समजायला म्हणून आकडे घेऊ. गर किलोला 900 रुपयांनी घेतला. निवडताना गेलेली तूट 50, वाहतूक 60, चार पाकिटं आणि लेबलं 60. झाले 1070. टेबलाचं भाडं किलोमागे 100 धरलं तर 1170. पाव किलोचं पाकीट 340ला विकलं, तर किलोचे 1360 येतात आणि 190 उरतात. छान. मग लक्ष्मी रस्त्यावरचा दुकानदार म्हणतो, ‘आम्ही ठेवतो, पंचवीस टक्के द्या.’ त्याचे 340 गेले, आपल्या हाती आले 1020, आणि भाडं नसूनही किलोमागे 50 रुपये खिशातून गेले. दुकानात ठेवायचं असेल, तर दुकानदाराचा वाटा पहिल्या दिवसापासून किमतीत हवा. नंतर किंमत वाढवली की गिऱ्हाईक बरोबर लक्षात ठेवतं.

विकताना तुलना होणारच. रविवार पेठेत चिली आणि कॅलिफोर्नियाचे अक्रोड मिळतात. मोठे, एकसारखे, गोरेपान. दिसण्यात काश्मिरी अक्रोड तिथे मार खातो, आणि ते कबूल करावं. बशीत दोन्ही ठेवून चाखायला द्यावं. पेठेतलं गिऱ्हाईक तिसरा तुकडाही चाखेल, मग भाव विचारेल, मग ‘उद्या येते’ म्हणेल. त्यातल्या काही जणी खरंच येतात. त्यांचे फोन नंबर विचारून लिहून घ्यावेत. पुढच्या सप्टेंबरात किती मागवायचं, ते त्या यादीवरून ठरतं. डिसेंबरात भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी टेबल मिळालं तर उत्तम, पण पहिल्याच वर्षी त्या भरवशावर माल भरू नये.

उरलेला माल हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवावा. माळ्यावर ठेवलेला अक्रोड होळीपर्यंतच खवट होतो. मग हिशेब: किती आलं, किती विकलं, किती खराब निघालं, कोणी काय तक्रार केली. हे हिंदीत किंवा उर्दूत एका पानावर लिहून गटाला पाठवावं, तक्रारींसकट. गर ओला निघाला असेल तर तसं स्पष्ट लिहावं, म्हणजे पुढच्या वेळी छपरावर तो दोन दिवस जास्त राहील. आणि पुढच्या हंगामाला मागणी नसणार असेल, तर तेही उन्हाळ्यातच कळवावं, म्हणजे व्यापारी बागेत येईल तेव्हा बायकांना त्याच्याशी भाव बोलता येईल.