हवाई दलाचं जुनं घड्याळ: तबकडीला हात लावू नका

ब्रिटिश हवाई दलाचं 'मार्क ११' हे घड्याळ १९४९मध्ये सेवेत आलं आणि १९८१पर्यंत टिकलं. आयडब्ल्यूसी आणि जेगर-लकूल्त्र या दोन स्विस कंपन्यांनी ते बनवलं. आज शौकीन त्याच्या मागे असतात, आणि त्याच्याबद्दलच्या चुकीच्या समजुतींपायी चांगली घड्याळं खराब होतात.

पहिली समजूत नावातच आहे. 'वैमानिकाचं' म्हणवलं जाणारं हे घड्याळ मुख्यतः नॅव्हिगेटरसाठी होतं. तो ताऱ्यांचे वेध घेऊन विमान कुठे आहे ते काढायचा. वेळ चार सेकंदांनी चुकली, तर विषुववृत्ताजवळ स्थान एका सागरी मैलाने चुकतं. म्हणून चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो आणि घड्याळ अचूक वेळेशी जुळवता येतं. चुंबकत्वाचा परिणाम होऊ नये म्हणून यंत्राभोवती मृदू लोखंडाचं कवच आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ५५ मिलिमीटरचं अवाढव्य जर्मन घड्याळही नावाने 'निरीक्षकाचं'च.

'मागच्या झाकणावर जुनं वर्ष आणि तबकडीवर वर्तुळातला टी, म्हणजे घड्याळ जोडजमाव केलेलं.' असं म्हणत लोक अस्सल घड्याळ नाकारतात. सुरुवातीच्या तबकड्यांवर रेडियम होतं. १९६०च्या दशकात त्याऐवजी कमी घातक ट्रिटियम आलं आणि टी ही त्याची खूण. सेवेतल्या अनेक घड्याळांच्या तबकड्या लष्करानेच बदलल्या. हा विसंगतपणा घड्याळाच्या नोकरीचा दाखला आहे. झाकणावरचा ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण असलेला रुंद बाण आणि ६बी/३४६ हा साठा क्रमांक मात्र तपासाच. अर्थात कोरीवकामाचीही नक्कल होते, त्यामुळे झाकण उघडून आतलं यंत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

'अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं.' ही समजूत धोक्याची. विझतं ते प्रकाश देणारं झिंक सल्फाइड. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षं आहे. अशी तबकडी घरी उघडू किंवा खरवडू नका, तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, आणि कारागिराला आधीच सांगा. ट्रिटियमचं उलट आहे: अर्धायुकाल १२.३ वर्षं. साठच्या दशकातली 'मूळ' तबकडी आज रात्रभर लख्ख उजळत असेल, तर तिच्यावर नवा रंग चढला आहे.

सर्वांत जास्त नुकसान 'नव्यासारखं करून द्या' या मागणीने होतं. बफिंगने केसच्या कडा गोल होतात, कोरलेला बाण पुसट होतो आणि ते परत आणता येत नाही. तबकडी रंगवणं त्याहून वाईट. रंगवलेल्या तबकड्यांची आणि इकडचे-तिकडचे भाग जोडलेली घड्याळं मुंबईतून इतकी बाहेर गेली, की परदेशी शौकिनांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' हे नाव दिलं. खरी डागडुजी यंत्राची असते: सोडवणं, धुणं, नवं तेल, गरज असेल तर नवी स्प्रिंग.

आणि एचएमटीचं 'पायलट'? ते सर्वांसाठी दुकानात विकलं गेलेलं, चावीचं, सुरेख घड्याळ. ते आवडीने घाला, पण कोणी लष्करी म्हणून जादा किंमत सांगितली तर देऊ नका.

दुरुस्तीला टाकताना चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: पॉलिश नको, तबकडी रंगवायची नाही, काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा.