म्हातारपणी कुत्रा का खंगतो?

"डॉक्टर, आता वय झालं त्याचं. वाळणारच की!" माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांबरोबर हे वाक्य जवळजवळ नेहमी येते. बारामती शहरातून येते, भिगवणहून येते, निमगाव केतकीहूनही येते. म्हणणारा माणूस निर्दयी नसतो. दहा-बारा वर्षे सांभाळलेल्या जिवाचे हाल होऊ नयेत म्हणूनच तो आलेला असतो. पण वाक्य अर्धेच खरे आहे. वयाने स्नायू उतरतात, मांड्या बारीक होतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. हे सारे सावकाश, वर्षा-दोन वर्षांत होते. चार-पाच महिन्यांत कुत्रा डोळ्यांदेखत वाळला, तर ते वय नव्हे, बहुतेक वेळा तो आजार असतो.

तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या सुमारास नीरा नदीकाठच्या एका वस्तीवरून मोती नावाचा कुत्रा आला. साधा गावठी, तांबूस, वय अकरा वर्षे. दिवाळीत धान्य मोजताना पोरांनी गंमत म्हणून त्याला काट्यावर उभे केले होते, तेव्हा २४ किलो भरला होता. माझ्याकडे भरला १९ किलो. पाच किलोचे काय एवढे, असे वाटेल. सत्तर किलोच्या माणसाचे पाच महिन्यांत चौदा किलो वजन गेले तर आपण त्याला घरी बसवून ठेवू का?

"खातोय कमी, पण पाणी मातूर लई पितोय," मालक म्हणाले. सगळी मेख या वाक्यात होती. रक्त तपासले, क्रिएटिनिन वाढलेले निघाले. मूत्रपिंडे थकली होती.

मूत्रपिंडाचा स्वभाव फसवा आहे. त्याची सुमारे दोन तृतीयांश शक्ती संपेपर्यंत बाहेर काही दिसत नाही. मग लघवी पाण्यासारखी पातळ होऊ लागते, कुत्रा जास्त मुततो आणि ती तूट भरून काढण्यासाठी जास्त पितो. रक्तातले क्रिएटिनिन वाढते ते सुमारे पाऊण शक्ती गेल्यावर. म्हणजे रक्ताच्या कागदाआधी घरातले पाण्याचे भांडे आपल्याला सावध करत असते. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात थोडे अधिक. किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर रोजच जाऊ लागले, म्हणजे २० किलोचा कुत्रा दोन लिटर संपवू लागला, तर तपासणी हवीच. एक दिवस मापाने पाणी भरून पाहा. आणि कृपा करून, ओटा ओला करतो म्हणून रात्री त्याचे भांडे उचलून ठेवू नका. अशा कुत्र्याचे पाणी तोडणे म्हणजे त्याच्या मूत्रपिंडावर घाव घालणे.

मोतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली. काही औषध चालू आहे का, असे मी विचारले तेव्हा मालक नाही म्हणाले. मागे उभ्या असलेल्या आजी मात्र हळूच म्हणाल्या, "माझीच गोळी देत होते." थंडीत मोती लंगडू लागला होता. आजींचे गुडघे ज्या डायक्लोफेनॅकच्या गोळीने उतरत होते, तीच त्या भाकरीत घालून रोज त्याला चारत होत्या. महिनाभर. आपला घास काढून द्यावा तशी आपली गोळी काढून दिली होती.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या, डायक्लोफेनॅक असो की आयब्युप्रोफेन, कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला तर हे सोसतच नाही. (२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली ती गिधाडे मरू लागली म्हणून, कुत्र्याला ते त्याआधीही घातकच होते.) कुत्र्यांच्या सांधेदुखीला वेगळी औषधे आहेत, ती वजनावर आणि रक्त तपासून द्यायची असतात. आजींना मी काय बोलणार? गोळी बंद करा, एवढेच बोललो. मूळ आजार त्याआधीचाच असावा, हेही सांगितले, कारण ते खरे होते.

सलाईन दिले, आहार बदलला, उलटीवर औषध दिले. दोन महिन्यांत मोती २१ किलोवर आला. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही, हे मी आधीच सांगून ठेवले होते. आजी दर अमावस्येला त्याला काट्यावर उभा करायला लावत आणि आकडा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवत. तो आणखी चौदा महिने जगला.

आता दुसरा प्रकार. खाणे उत्तम, उलट जास्तच, तरीही कुत्रा वाळतो. एमआयडीसीकडील एका घरातली नऊ वर्षांची लॅब्रेडोर कुत्री सडपातळ झाली म्हणून मंडळी खूश होती. पाणी मात्र ती बादलीने पीत होती आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. लघवीत साखर निघाली. होय, कुत्र्यांनाही मधुमेह होतो, आणि शस्त्रक्रिया न केलेल्या प्रौढ माद्यांमध्ये तो अधिक आढळतो. उपाय इन्सुलिनचाच, बहुधा जन्मभर. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिले असेल तर सिरिंजही ४० चीच हवी. १०० ची वापरली तर डोस चुकतो. भरपूर खाऊन वाळणाऱ्या कुत्र्याची विष्ठाही तपासून घ्यावी. जंत काही फक्त पिलांनाच होत नाहीत.

तिसरा प्रकार मला सर्वांत वाईट वाटतो, कारण तो अगदी साधा असून सुटतो. कुत्रा भांड्यापर्यंत धावत येतो, वास घेतो, एक घास उचलतो, टाकतो आणि मागे फिरतो. घरचे म्हणतात, चोचले वाढले. तोंड उघडून पाहावे तर दाढांवर दगडासारखे किटण, हिरड्यांतून रक्त, दुर्गंधी. डोळ्याखाली अचानक सूज आली, तर वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झालेला असण्याची शक्यता फार. भूक आहे, चावता येत नाही. दाढ काढली की असा कुत्रा आठवड्याभरात जेवू लागतो.

आपल्या भागात गोचीडतापही विसरून चालत नाही. एर्लिकिया नावाचा जंतू तपकिरी गोचिडीतून रक्तात शिरतो, महिनोन्‌महिने दडून बसतो आणि मग बारीक ताप, फिकट हिरड्या, कधी नाकातून रक्त आणि सतत उतरते वजन असा दिसतो. डॉक्सिसायक्लिन हे औषध साधारण चार आठवडे द्यावे लागते. चार दिवसांत कुत्रा टवटवीत झाला म्हणून मध्येच सोडू नये. ही गोचीड भिंतीच्या भेगांत राहते, तेव्हा नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. उसाच्या फडातल्या उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस हाही मूत्रपिंडे बिघडवतो. तो माणसालाही होतो; संशय असेल तर कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करा.

गाठी, हृदयाचे आणि यकृताचे आजारही आहेतच. त्यांना क्ष-किरण, सोनोग्राफी लागते. मोठ्या तपासणीसाठी पुणे आहे, शिवाय शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

खाण्याविषयी थोडेसे. म्हाताऱ्या कुत्र्याला दूध-भाकरीवर ठेवू नका. मूत्रपिंडे ठीक असतील तर त्याला प्रथिने अधिकच लागतात. उकडलेले अंडे, हाड काढलेली कोंबडी, मऊ भात द्या, दिवसातून तीनदा थोडे थोडे. कांदा-लसणाचा रस्सा नको. आणि द्राक्षबागायतदारांनो, बागेतले खाली पडलेले मणी आणि बेदाणे कुत्र्यापासून दूर ठेवा. त्यांनी मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात.

वजन घरीही करता येते. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. महिन्यातून एकदा पुरे. दहा टक्के घटले तर वाट पाहू नका. येताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ धुतलेल्या डबीत आणा. खोकल्याच्या औषधाची बाटली नको. तिच्यात साखर राहिलेली असते, आणि मग निरोगी कुत्र्यालाही आम्ही मधुमेह ठरवून बसतो.