नळकामाचा धंदा : काम वाढले, मिस्त्रीच्या हाती काय उरले?

शहर असो वा तालुक्याचे गाव, इमारतीच्या भिंती उभ्या राहिल्या की गवंड्यामागोमाग नळकाम करणारा मिस्त्री येतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची रोजीरोटी या धंद्यावर चालते. कोणी हातात पाना घेऊन, कोणी पाइप-फिटिंगचे दुकान मांडून. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घरोघरी नळ, न्हाणीघरे आणि शौचालये वाढली. त्या मानाने कारागिराची कमाई का वाढली नाही, आणि दुकानदाराची रक्कम उधारीत का अडकून राहते, याचा थोडा हिशेब या लेखात मांडला आहे.

लोखंडाकडून प्लॅस्टिककडे

पूर्वी सगळे काम जस्त चढवलेल्या लोखंडी, म्हणजे जी.आय. पाइपचे होते. पाइप शिकंजात धरायचा, डाय फिरवून आटे पाडायचे, सफेदा आणि सुतळी लावून जोड आवळायचा. आटा वाकडा पडला की जोड गळलाच. हा हात बसायला उस्तादाजवळ दोन-तीन वर्षे काढावी लागत, आणि तोच हात मिस्त्रीचे भांडवल होते.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस गरम पाणी सोसणारा सी.पी.व्ही.सी. पाइप भारतीय बाजारात आला. थंड पाण्यासाठी आणि सांडपाण्यासाठी पी.व्ही.सी. आधीपासून होताच. महाराष्ट्रात जळगाव आणि पुणे ही प्लॅस्टिक पाइपची मोठी केंद्रे बनली, पी.व्ही.सी.चा कच्चा माल बनवणारा कारखाना १९९४ मध्ये रत्नागिरीजवळ सुरू झाला. नवा पाइप हलका, न गंजणारा, आणि सोल्युशन लावून काही क्षणांत चिकटणारा. ग्राहकाचा फायदा झाला. परंतु आटे पाडण्याच्या कसबाचे मोल उतरले. सहा महिने हाताखाली राहिलेला मुलगा स्वतंत्र काम धरू लागला आणि मजुरीच्या दरात चढाओढ सुरू झाली.

मात्र काम सोपे झाले हा समज अर्धाच खरा आहे. पाइप आता भिंतीच्या आत गाडला जातो आणि त्यावर महागड्या फरश्या बसतात. उताराचा अंदाज चुकला, सोल्युशन सुकण्याआधी पाणी सोडले, किंवा दाब देऊन तपासणी केली नाही, तर नुकसान पाइपचे नसते, साऱ्या न्हाणीघराचे असते. म्हणून आजच्या मिस्त्रीचे खरे कसब जोडात नसून आखणीत आणि तपासणीत आहे, आणि दर त्याचाच मागितला पाहिजे.

एका कामाचा हिशेब

समजा, दोन न्हाणीघरे आणि एक स्वयंपाकघर यांचे काम मिस्त्रीने १८,००० रुपये मजुरीवर अंगावर घेतले. काम दहा दिवस चालले. मदतनिसाचे रोज ६०० प्रमाणे ६,००० रुपये, जाण्या-येण्याचे १,०००, पाती, टेप आणि हत्यारांची झीज १,१००. एकूण खर्च ८,१०० रुपये. उरले ९,९००, म्हणजे दिवसाला ९९० रुपये.

आता शेवटचा ४,००० रुपयांचा हप्ता मालकाने "नंतर बघू" म्हणून बुडवला असे धरा. उरतात ५,९००, म्हणजे दिवसाला ५९०. मदतनिसाच्या रोजापेक्षा मिस्त्रीचा रोज दहा रुपयांनी कमी! आपल्या धंद्यात मिस्त्री गरीब राहतो तो दर कमी म्हणून जितका, त्याहून अधिक शेवटचा हप्ता बुडतो म्हणून. नळ बसले, पाणी आले, की कारागिराच्या हातात मालकावर दबाव आणण्याचे काहीच उरत नाही. त्यावर साधा उपाय म्हणजे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधणे : भिंतीतील पाइप आणि दाबाची तपासणी पूर्ण होताच मोठा भाग हातात यावा आणि नळ-बेसिन बसवण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक बाकी राहू नये. हे कागदावर लिहून दोघांनी सही करावी.

दुकानदाराची अडचण

दुकानदाराला वाटते कारागीर सुखी, कारागिराला वाटते दुकानदार. प्रत्यक्षात पाइप विकणाऱ्याचा जीव कच्च्या मालाच्या भावात अडकलेला असतो. पी.व्ही.सी.च्या भुकटीची देशातील निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते. त्यामुळे परदेशातील भाव आणि डॉलर हलला की येथील यादी बदलते. २०२१ मध्ये हे भाव फार चढले आणि २०२२ मध्ये जोरात उतरले. चढत्या भावात गोदाम भरलेल्यांना उतरत्या भावात तोटा सोसावा लागला. पितळी नळांचे भाव तांबे आणि जस्ताच्या बाजाराप्रमाणे हलतात. जामनगर आणि अलीगढच्या कारखानदारांनी यादी बदलली की आपल्या गल्लीतील दुकानातही बदलते. भाव अस्थिर असताना साठा महिन्याच्या विक्रीपुरता ठेवणे आणि उधारीला मुदत घालणे, हेच लहान दुकानदाराचे संरक्षण आहे.

दुसरा प्रश्न कमिशनचा. मिस्त्री ग्राहक आणतो, दुकानदार त्याला टक्केवारी देतो. कंपन्याही कुपनांवर गुण देतात. ही रक्कम शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच निघते. ग्राहकाला पुढे दुसऱ्या दुकानात भाव कळला की विश्वास मिस्त्रीवरचा उडतो. मजुरी कमी सांगून कमिशनवर भर काढण्यापेक्षा मजुरी पुरती सांगणे आणि माल निवडून देण्याचे मोल उघडपणे मागणे अधिक टिकाऊ आहे.

सरकारी कामे आणि योजना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा ग्रामीण भागात सुमारे सव्वातीन कोटी घरांत नळ होता. २०२५ पर्यंत ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. खेड्यापाड्यांत काम मिळाले हे खरे. पण २०२४-२५ मध्ये निधी अडकून महाराष्ट्रात ठेकेदारांची बिले थकली, आणि ठेकेदाराच्या हाताखालच्या मिस्त्रीला सर्वांत शेवटी पैसे मिळतात. सरकारी काम घ्यावे, पण घरखर्च एकट्या त्याच कामावर टाकू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत गवंडी आहे, सुतार आहे, प्लंबर नाही. म्हणून त्या नावाने पैसे मागणाऱ्या दलालापासून सावध राहावे. मात्र पुढील दारे आपल्याला उघडी आहेत :

१. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. वय १८ ते ६० आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, या अटींवर नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाची आणि अपघाताची मदत यातून मिळते.

२. उद्यम नोंदणी. ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाचे सेवेचे बिल बिल्डरने किंवा कंपनीने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकवायचे असते. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, सेवा देणाऱ्याला आहे.

३. आयकर विवरण. ठेकेदार मिस्त्रीच्या बिलातून १ टक्का कर कापतो. पॅन नसेल तर २० टक्के. विवरण न भरल्याने आपलीच रक्कम सरकारजमा राहते. शिवाय विवरण असले तर कर्जासाठी किंवा दुकान भाड्याने घेताना उत्पन्न दाखवता येते.

४. पालिकेचा परवाना. मोठ्या शहरांत नळजोडणीचे अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच जातात. घरातील एक मुलगा आय.टी.आय.चा एक वर्षाचा प्लंबर अभ्यासक्रम करून आला तर बापाचा हात आणि मुलाचा कागद मिळून हे दार उघडते.

ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडईचे प्लंबर देशभर काम करतात. गावचा एक जण शहरात स्थिरावतो, मग तो दुसऱ्याला आणतो, हात धरून शिकवतो आणि काम वाटून देतो. पुढे त्यांच्या गावी नळकामाचे शिक्षण देणारी सरकारी संस्थाही उभी राहिली. आपल्याकडे उस्ताद-शागीर्दाची परंपरा जुनी आहे. उणीव आहे ती लिहून ठेवलेल्या हिशेबाची. एक वही आजच घ्यावी. तिच्यात प्रत्येक कामाचा दर, दिवस, खर्च आणि बाकी लिहावी. वर्षअखेरीस त्या वहीवरून कोणता मालक आणि कोणते काम टाळावे, हे स्पष्ट दिसेल.