२४ चे ३/४ किती? आधी वाटणी, मग नियम

संख्येचा अपूर्णांक काढायला शिकवताना ‘अंशाने गुणा, छेदाने भागा’ हा नियम शेवटी यावा. आधी वाटणी यावी. २४ चे ३/४ म्हणजे २४ चिंचोक्यांचे चार समान गट करून त्यांतले तीन घेणे: एका गटात ६, तिनांत १८. समान भाग किती करायचे हे छेद सांगतो, त्यांतले किती घ्यायचे हे अंश. नुसता नियम पाठ केलेल्या मुलाने उलट क्रिया करून ३२ उत्तर काढले, तरी त्याला ते खटकत नाही. वाटणी समजलेल्याला मात्र उत्तर १२ हून मोठे आणि २४ हून लहानच येणार, हे आधीच ठाऊक असते.

यावर आक्षेप असा, की १० चे ३/४ काढताना चिंचोक्यांचे समान गट होतच नाहीत. पण वाटणी तिथेही अडत नाही: एक चतुर्थांश म्हणजे अडीच, असे तीन मिळून साडेसात. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे अशाच हिशेबांसाठी पाठ करून घेत. नियमाने वेळ वाचतो, हेही खरे. म्हणून तो शिकवायचाच, पण अर्थ उमगल्यावर. असा शिकलेला नियम विसरला, तरी मूल तो स्वतः पुन्हा शोधून काढू शकते.