२०डब्ल्यू-५० की ५डब्ल्यू-३०? जुन्या स्पोर्ट्स कारसाठी इंजिन ऑइल कसं निवडायचं?

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा मोटर शोमध्ये जॅग्वार ई-टाइप पहिल्यांदा लोकांसमोर आली. ३.८ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, २६५ अश्वशक्ती आणि ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाचा दावा. आज अशी कार सांभाळणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: इंजिनात ऑइल कोणतं घालायचं? उत्तर चुकलं, तर अख्ख्या इंजिनचं काम निघू शकतं.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय?

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. २०डब्ल्यू ऑइल उणे २० अंशांपर्यंत पंपाला खेचता येतं, ५डब्ल्यू उणे ३५ पर्यंत. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा घट्टपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडचा घट्टपणा किमान १६.३ सेंटिस्टोक असतो, तर ३० ग्रेडचा १२.५ पेक्षा कमी.

नवं, पातळ ऑइल का चालत नाही?

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात बारीक फट असते. त्या फटीत ऑइलचा थर टिकला, तरच धातूला धातू घासत नाही. जुन्या इंजिनांची रचना त्या काळातल्या घट्ट ऑइलसाठी झाली होती. म्हणून ई-टाइपसाठी सहसा २०डब्ल्यू-५० सुचवलं जातं. शिवाय या इंजिनच्या मागच्या बाजूला दोरीसारखं सील असतं, त्यातून पातळ ऑइल लवकर झिरपतं.

दुसरा मुद्दा झिंक-फॉस्फरसयुक्त रसायनाचा. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात, तिथली झीज ते रोखतं. पण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. त्यामुळे ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये त्याच्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. ई-टाइपमध्ये कन्व्हर्टर नाही, म्हणून तिला ही काटकसर सोसायची गरज नाही.

मग जितकं घट्ट, तितकं चांगलं?

नाही. जास्त घट्ट ऑइल थंड इंजिनात कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि बरीचशी झीज त्याच क्षणांत होते. तेव्हा गेजचा काटा वर दिसतो, पण दाब जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नसतं.

निवड कशी करायची?

आधी कारचं हँडबुक बघावं. मग इंजिन पूर्ण तापल्यावर गेज तपासावा. ई-टाइपमध्ये ३,००० आरपीएमला ४० पीएसआयच्या आसपास दाब अपेक्षित असतो. तो बराच कमी असेल, तर आणखी घट्ट ऑइल ओतून काटा वर नेता येतो, पण झिजलेलं बेअरिंग तसंच राहतं. अशा वेळी ऑइल बदलण्याआधी बेअरिंग आणि पंप तपासून घेणंच शहाणपणाचं.